सावलीचा हिशोब

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या आवारात दोन इमारती आहेत. शहरातली शिकण्याची जागा कमी विजेत कशी चालवायची, या एकाच प्रश्नाची त्या दोन वेगळी उत्तरं देतात.

पहिली म्हणजे बाळकृष्ण दोशींनी १९६०च्या दशकात उभारलेली वास्तुकला शाळा. दोशी जन्माने पुण्याचे. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम केलं आणि मग अहमदाबादचेच झाले. २०१८ साली त्यांना प्रित्झकर मिळालं, तेव्हा या इमारतीचे फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. उघड्या विटांच्या समांतर भिंती, वर काँक्रीटचे स्लॅब, छताला उत्तरेकडे उघडणारे तिरके झरोके. उजेड आत येतो, ऊन बाहेर राहतं. भिंतींमधून वारा आरपार जातो. खाली सावलीची मोकळी जागा आहे आणि दारं फारशी नाहीतच.

दुसरी २०१५ सालची, ‘नेट झिरो’ प्रयोगशाळा. वर्षभरात जेवढी वीज लागेल तेवढी गच्चीवरच्या सौर पॅनलांनी तयार करायची, ही तिची प्रतिज्ञा. बाहेरची हवा बरी असेल तर खिडक्या उघडायच्या, नसेल तर यंत्रं चालवायची. ठिकठिकाणी सेन्सर आहेत, आकडे सतत नोंदले जातात.

मी दिवसभर असल्याच आकड्यांचे डॅशबोर्ड बनवतो, त्यामुळे मला दुसरी इमारत आवडायला हवी. आवडतेही. पण आपल्या वॉर्डातल्या शाळेसाठी ती जशीच्या तशी चालेल का, हे पाहायला साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

एक किलोवॉट सौर पॅनलला साधारण दहा चौरस मीटर गच्ची लागते आणि त्यातून दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. प्रयोगशाळा छोटी आणि बुटकी असल्यामुळे तिथे गच्ची पुरते. मुंबई-पुण्यात जागाच नसते, शाळा उंच चढते. सात मजली शाळेत ५० चौरस मीटरच्या एका वर्गाच्या वाट्याला गच्चीचे जेमतेम सात चौरस मीटर येतात. म्हणजे दिवसाला तीनपेक्षाही कमी युनिट. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांनी अडवलेली जागा अजून वजा केलेलीच नाही.

आता खर्च बघा. कमी वीज खाणारे चार बीएलडीसी पंखे आणि सहा एलईडी ट्यूब सहा तास चालवले, तर दीड युनिटच्या आसपास लागतं. ते बसतं. दीड टनाचा एक एसी मात्र पूर्ण जोरात तासाला सव्वा-दीड युनिट खातो. दोन तासांत त्या वर्गाच्या वाट्याचं ऊन संपलं. म्हणजे उंच शाळेत ‘नेट झिरो’ हवं असेल, तर वर्ग पंख्यावर चालेल इतपत गार ठेवण्याचं काम भिंती, सज्जे आणि खिडक्यांनाच करावं लागेल. दोशींच्या झरोक्यांकडे आपण सौंदर्य म्हणून बघतो, पण ही त्यांची खरी कमाई आहे.

मात्र दोशींची इमारत दाखवून ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. विटांची जाड भिंत दिवसभर उष्णता शोषते आणि रात्री सोडते. अहमदाबादसारख्या कोरड्या हवेत रात्र गार होते म्हणून हा व्यवहार जमतो. मुंबईत रात्रही दमट आणि उबदार, तिथे जाड भिंतीपेक्षा वारा महत्त्वाचा. आणि वाऱ्यासाठी खिडकी उघडली की रस्त्यावरचे हॉर्न वर्गात येतात. दोशींना मोकळं आवार मिळालं होतं. आपल्या शाळेच्या कुंपणाला बसस्टॉप टेकलेला असतो.

शिवाय अहमदाबादही तेच राहिलेलं नाही. मे २०१०मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला, त्यानंतर २०१३मध्ये शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. मे २०१६मध्ये तर ४८ अंशांची नोंद झाली. अशा दिवशी आत येणारा वारा भट्टीतला असतो. तेव्हा खिडकी मिटून यंत्र लावावंच लागतं, आणि ते कधी हे दुसऱ्या इमारतीला कळतं, पहिलीला नाही.

गंमत म्हणजे या भांडणातला मधला दुवाही सेप्टमध्येच तयार झाला. तिथल्या संशोधकांनी पाच शहरांतल्या १६ कार्यालयीन इमारतींमधल्या लोकांना विचारलं, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय? खिडक्या उघड्या असलेल्या इमारतींत बाहेरचं तापमान वाढतं तसं लोकांना चालणारं आतलं तापमानही वाढतं, असं निघालं. हे मॉडेल २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आलं. अर्थात ती ऑफिसातली मोठी माणसं होती. मधल्या सुट्टीत पळून घामाघूम झालेली चाळीस पोरं एका वर्गात बसली, की काय चालेल, हे वेगळं मोजायला हवं. मात्र मे महिन्यात स्वेटर घालून कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांना त्या संशोधनाचं म्हणणं लगेच पटेल.

मी इंजिनिअरिंग केलं त्या कॉलेजची नवी इमारत पश्चिमेला अख्खी काचेची होती. दुपारी तीननंतर सगळे पडदे ओढायचे, मग अंधार झाला म्हणून दिवे लावायचे, मग गरम होतं म्हणून एसी. एका चुकीच्या भिंतीची भरपाई तीन यंत्रं करत होती. छतावर मात्र सौर पॅनल होते आणि माहितीपत्रकात त्यांचाच फोटो.

म्हणून माझं मत पहिल्या इमारतीच्या बाजूने आहे, एका अटीवर. आधी दिशा, सावली, वारा, मग पंखा, आणि वर्षातल्या मोजक्या वाईट दिवसांसाठी यंत्र. हा क्रम उलटा केला, तर कितीही पॅनल लावा, हिशोब बसत नाही.

आणखी एक गोष्ट दोशींकडून घ्यावी. इमारतीखालची ती सावलीची जागा त्यांनी विद्यार्थ्यांना दिली. आपल्याकडेही इमारतींखाली स्टिल्ट असतो. तिथे गारवा असतो, वारा असतो, आणि रांगेने स्कूटर लावलेल्या असतात.