अक्षर की अक्षराचं चित्र?

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत बोरी लागतं. इथल्या डीटीपीच्या दुकानात सप्ताहाची पत्रिका करायला बसलं, तर काम कोऱ्या पानावरून सुरू होत नाही. ऑपरेटर गेल्या वर्षीची कोरलड्रॉची फाइल उघडतो, तिथी बदलतो, कीर्तनकार बदलतो, अन्नदात्यांच्या यादीत चार नावं वाढवतो. गावकऱ्यांनी मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. पण तो फाइलमध्ये डकवला की नुसते चौकोन उमटतात. मग मोबाइल कीबोर्डला टेकवून तोच मजकूर पुन्हा टाइप होतो. मोबाइलवरची मराठी आणि छपाईची मराठी आजही एकमेकींना ओळखत नाहीत.

याचं मूळ जागेच्या टंचाईत आहे. खिळ्यांच्या छापखान्यात देवनागरीला शेकडो खिळे लागत. संगणकाच्या जुन्या, आठ बिटांच्या सारणीत घरं होती २५६, आणि त्यातली पहिली अर्धी रोमनने अडवलेली. उरलेल्या जागेत मराठी बसवायची, तर दोन वाटा होत्या. पहिली वाट आयआयटी कानपूरमध्ये आखली गेली आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डातून पुढे आली: साठवायचं फक्त मूळ अक्षर, जोडाक्षराचा आकार यंत्राने घडवायचा. हीच ‘इस्की’. १९९१मध्ये ती आयएस १३१९४ म्हणून भारतीय मानक झाली. मराठीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ तिच्यात एकाच क्रमांकावर बसले. लिपी बदलणं म्हणजे फक्त रूप बदलणं, इतका स्वच्छ विचार तिच्यामागे होता.

दुसरी वाट व्यवहाराची. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षर कळत नव्हतं. तेव्हा रोमन फाँटच्या घरांत देवनागरीचे तुकडे भरले गेले. पेजमेकर रोमन जुळवतोय असं समजायचा, कागदावर मराठी उमटायची. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाने तुकडे आपापल्या घरांत ठेवले. सी-डॅकने आकारांसाठीही ‘इस्फॉक’ ही सारणी केली, पण बाजार एका सारणीवर आला नाही. तरी या फाँटना नावं ठेवणं सोपं नाही. तालुक्याच्या गावीही टाइपाच्या केसशिवाय छपाई शक्य झाली, ती यांच्यामुळे.

किंमत कुठे मोजावी लागली, ते ‘कार्तिक’ या एका शब्दात दिसतं. कृतिदेवमध्ये तो साठतो असा: क, काना, ऱ्हस्व वेलांटी, त, रफार, क. म्हणजे डोळ्यांना दिसतो तसा, टाइपरायटरच्या सवयीने. युनिकोडमध्ये, म्हणजे आज मोबाइल वापरतो त्या सारणीत, क्रम उच्चाराचा: क, काना, र, हलन्त, त, वेलांटी, क. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये जाताना वेलांटी ‘त’नंतर न्यावी लागते, रफार ‘त’आधी आणावा लागतो. त्यात ‘ण’ आणि ‘श’ हे कृतिदेवमध्ये अर्धं अक्षर अधिक काना असे जोडलेले. रूपांतरक हे बहुतेक वेळा निभावून नेतो. एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ती मुद्रितशोधकाने पकडायची.

युनिकोडही १९९१चंच, त्यातली देवनागरी १९८८च्या इस्कीवरून घेतलेली. विंडोज २०००बरोबर र. कृ. जोशींचा मंगल फाँट घरोघरी आला, आणि पहिली वाट उशिरा का होईना, जिंकली. पण मराठीच्या खास गरजा रांगेत मागे राहिल्या. सुट्या ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ उजाडलं, तोवर अ-वर चंद्र चढवून भागवलं जाई, आणि दिसायला सारखी असणारी ती दोन रूपं शोधात आजही वेगळी निघतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी माणसाला जन्मजात कळतो, यंत्राला तो वेगळ्या ‘ऱ’ने शिकवावा लागला. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं शासनाने २००९च्या निर्णयात ठरवून दिली. क्रमांक मात्र हिंदीशी एकच, म्हणून वळण फाँटच्या मर्जीवर राहिलं.

मांडणीची साधनं त्याहून मागे. इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट हाताळता आल्या त्या २०१२च्या आवृत्तीत. मधल्या बारा वर्षांत लेखक युनिकोडवर गेले, छापखाने होते तिथेच राहिले. आता ती सबब उरलेली नाही. ‘मुक्ता’सारखे देखणे, मोफत फाँट हाताशी आहेत. तरी जुन्या फाइली सुटत नाहीत, कारण छापलेला कागद हातात पडला की काम संपलं, असं आपण धरून चालतो. प्रकाशकांनी निदान प्रत्येक पुस्तकाचा युनिकोड मजकूर जुळणीवाल्याकडून मागून घ्यावा. पुढच्या आवृत्तीची पुनर्जुळणी वाचेल.

बोरीच्या त्या दुकानातल्या संगणकात सप्ताहाच्या कितीतरी वर्षांच्या पत्रिका आहेत. कुणी कीर्तन केलं, कुणाच्या घरची पंगत होती, सगळं नोंदलेलं. त्या संगणकाला मात्र मराठीत ‘कार्तिक’ शोधायला सांगितलं, तर उत्तर येतं: एकही फाइल सापडली नाही.