चार टक्के कशाचे?

आजीच्या हृदयातली ॲओर्टिक झडप ८१व्या वर्षी पार आकसली होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर माहिती भरली आणि म्हणाले, "रिस्क चार टक्के." आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. आजीने मात्र विचारलं, "मग मला ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करता येईल ना?" त्यावर डॉक्टर म्हणाले, "ते आत्ता कसं सांगणार, आजी?"

मी असल्याच मॉडेल्सवर पीएचडी करते, आणि ते चार टक्के कशाचे हे त्या दिवशी मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा. जगभर प्रामुख्याने दोन स्कोर वापरतात: अमेरिकन सर्जनांच्या संघटनेचा एसटीएस आणि २०१२ साली आलेला युरोस्कोर २. दोन्हींचा मुख्य आकडा एवढंच सांगतो, की ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये किंवा महिनाभरात पेशंट दगावण्याची शक्यता किती. सर्जनसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण आजीचा प्रश्न एकतिसाव्या दिवशी सुरू होतो.

म्हणून सुझान अरनॉल्ड आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा पेपर मला आवडतो. छाती न उघडता, बहुधा जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवतात, त्याला टावी म्हणतात. टावी झालेल्या २१३७ पेशंटांकडे पाहताना त्यांनी 'वाईट परिणाम' याची व्याख्याच बदलली. मृत्यू तर धरलाच, पण जगून-वाचून जगण्याची प्रत खूप खालावलेली असेल किंवा आधीपेक्षा घसरली असेल, तर तेही वाईटच धरलं. त्यासाठी दम लागणं, पायांवर सूज, रोजची कामं अशा प्रश्नांवरून ० ते १०० गुण देणारी प्रश्नावली वापरली. सहा महिन्यांनी साधारण एक तृतीयांश पेशंटांचं या अर्थाने वाईट झालं होतं. नुसते मृत्यू मोजले असते, तर यातले बरेचसे 'यशस्वी' म्हणून गणले गेले असते!

आता माझी कुरकुर. या मॉडेलचा सी-इंडेक्स ०.६६ आहे. म्हणजे असं बघा: एक चांगला झालेला आणि एक न झालेला, अशी पेशंटांची जोडी घेतली, तर कोण कोणता हे मॉडेल तीनात दोनदा बरोबर ओळखतं. नाणं उडवूनही दोनात एकदा बरोबर येतंच. शंभर जणांचा अंदाज बांधायला हे ठीक, समोर बसलेल्या एका आजीला 'तुम्ही नकोच करू' म्हणायला नाही.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. यातल्या प्रत्येकाला झडप बसवलेली आहे. झडप बसवूनही कुणाचं वाईट होईल, हे मॉडेल सांगतं. न बसवली तर त्याच माणसाचं काय झालं असतं, हे त्याच्या डेटात नाहीच. आणि निर्णय तर त्या दोन्हींच्या फरकावर घ्यायचा असतो.

तो फरक बघायचा तर पार्टनर चाचणीकडे जावं लागतं. २०१० साली तिच्या एका भागाचे निकाल आले. मोठं ऑपरेशन झेपणारच नाही असे ३५८ पेशंट, आणि कोणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरचे ५०.७ टक्के गेले, टावीवाले ३०.७ टक्के. पाच वर्षांनी हेच आकडे ९३.६ आणि ७१.८ झाले.

ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. झडपेने मोठा फायदा झाला. आणि झडप बसवूनही दहातले सात जण पाच वर्षांत गेले, कारण इतक्या थकलेल्या शरीरात किडनी, फुप्फुसं, स्मरणशक्ती यांचंही काहीतरी चालू असतं. स्कोर वाईट आला म्हणून झडप नाकारणारा डॉक्टर पहिलं वाक्य विसरतो. नवी झडप म्हणजे नवं आयुष्य, असं सांगणारा दुसरं.

अर्थात हेही आकडे चाचणीत घेतलेल्यांचे. दुसऱ्या आजारामुळे वर्षभरही जगणार नाहीत असं वाटणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. शिवाय प्रश्नावलीचा एक जुना घोळ आहेच: जो सगळ्यात खचलेला, तोच फॉर्म भरायला येत नाही.

आजीने ऑपरेशन करून घेतलं. आता ती ओट्याशी वीसेक मिनिटं उभी राहते, मग स्टूल ओढून बसते आणि आईला पोळ्या जाड झाल्या म्हणून बोलते. प्रश्नावलीत याला किती गुण पडतील, सांगता येत नाही.