उन्हात वाचता येणारा पडदा

शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या हाती टॅब्लेट येऊन दशक उलटले. तेव्हा यात नवे काय, असे शिक्षक विचारतील. शेजारच्या मुरबाड तालुक्यात एका शाळेच्या ओसरीवर भर दुपारी आम्ही नवा टॅब्लेट आणि ई-रीडर शेजारी ठेवून वाचू लागलो. टॅब्लेटच्या काचेत आमचेच चेहरे दिसले! ई-रीडरवरची अक्षरे मात्र उन्हात अधिकच ठळक झाली. टॅब्लेट मागून प्रकाश सोडतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात व त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. काळे वर आले की अक्षर उमटते आणि वीज काढून घेतली तरी टिकते. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना.

आमचे समाधान पाठ्यपुस्तक उघडेपर्यंतच टिकले. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, पण पीडीएफचे पान छापील आकाराला बांधलेले. सहा इंची पडद्यावर रफार-वेलांट्या मुंगीएवढ्या, रंगीत नकाशा राखाडी. अक्षर मोठे करावे तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. नकाशासाठी टॅब्लेटच बरा. एरवी पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडणारे युनिकोडमधील पाठ्यपुस्तक हाती असते, तर आम्ही ई-रीडरचीच शिफारस केली असती.