चुरा कोणासाठी? : काच फोडण्याच्या यंत्रांविषयी

नवी मुंबईतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला काही वर्षांपूर्वी आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीच्या तीन मुलांनी ‘टाकाऊ काच चुरण्याचे यंत्र’ मांडले होते. पत्र्याची पेटी, तीत फिरणारा दांडा, दांड्याला लटकवलेल्या लोखंडी पट्ट्या आणि बाजूला शिलाई यंत्राची मोटर. वरून औषधाची रिकामी बाटली टाकली की खळ्‌कन आवाज होई आणि खालच्या खणात बारीक चुरा पडे. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पहिले बक्षीस दिले.

प्रदर्शन आवरताना शाळेच्या शिपाईमामांनी विचारले, “साहेब, आता हा चुरा कुठं टाकू?” मुलांकडे उत्तर नव्हते, खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. शेवटी तो चुरा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात गेला. सकाळी ज्या बाटल्या भंगारवाल्याने नेल्या असत्या त्या संध्याकाळी आमच्या बक्षीसपात्र यंत्रामुळे कचरा झाल्या होत्या. वर, तो डबा उपसणाऱ्याच्या हाताला इजा होण्याची सोयही झाली होती.

त्यानंतर याच विषयावरची आणखी काही प्रदर्शनीय उपकरणे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल आमच्या पाहण्यात आले. त्यांचा साचा बहुधा एकच असतो. प्रस्तावनेत कचऱ्याची समस्या, मग काच शंभर टक्के पुन्हा वापरता येते हे वाक्य, मग मोटर, पुली, पट्टा व बेअरिंग यांची निवड आणि शेवटी ‘चुरा पुनश्चक्रीकरणासाठी उपयुक्त ठरेल’ हा समारोप. मुलांच्या मेहनतीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या साच्याबद्दल आणि तो तपासून न पाहणाऱ्या आम्हा शिक्षक-परीक्षकांबद्दल.

साठ टनांचा हिशेब

पहिली चूक बलाच्या गणितात होते. पुस्तकात काचेची दाबसहनशक्ती पाहिली जाते. ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन, म्हणजे पोलादालाही लाजवणारी आहे. साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीची भिंत तीन मिलिमीटर जाड धरली, तर काचेच्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस मिलिमीटर भरते. दोहोंचा गुणाकार सहा लाख न्यूटन, म्हणजे जवळजवळ साठ टन वजन! मग त्या प्रमाणात दांडा जाड होतो, मोटर मोठी होते आणि यंत्र दोन माणसांना उचलत नाही.

वास्तविक हीच बाटली घरात हातातून निसटली तरी फुटते. साठ टन गेले कुठे? काच दाबाने फुटत नाही, ती ताणाने फुटते. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे कारण सांगितले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. ताण दिला की तो चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे धावते. म्हणून व्यवहारात काचेची ताणसहनशक्ती तिच्या दाबसहनशक्तीच्या काही शतांश इतकीच भरते. बाटली आडवी पडून तिच्या कुशीवर फटका बसला की भिंत वाकते, आतल्या बाजूला ताण पडतो आणि काम होते. तेव्हा यंत्र रचणाऱ्याने पहिला विचार करायचा तो बाटली कोणत्या स्थितीत आणि कशाच्या आघाताखाली येते याचा. मोटर किती मोठी हा प्रश्न नंतरचा.

ऊर्जेचा हिशेबही असाच बोधप्रद आहे. पदार्थ चुरण्यासाठी लागणारी ऊर्जा तुकड्यांच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, असा नियम एफ. सी. बाँड यांनी १९५२ साली मांडला. त्यांच्या कोष्टकात काचेचा अंक दर टनाला सुमारे तीन युनिट इतका आहे. क्वार्ट्झचा याच्या चौपट आहे. हा नियम वापरून अंदाज काढला, तर ८० मिलिमीटरच्या काचा फोडून १० मिलिमीटरचे तुकडे करण्यास टनाला सुमारे ०.२ युनिट वीज लागते. तासाला शंभर किलो काच फोडायची असेल तर ही शक्ती भरते अवघी २० वॅट. शिलाई यंत्राची मोटर त्या मुलांनी केवळ हाताशी होती म्हणून लावली असेल. पण ती निवड अहवालांतल्या मोठमोठ्या मोटरींपेक्षा सत्याच्या जवळ होती.

अर्थात प्रत्यक्ष यंत्राला २० वॅट पुरणार नाहीत. बेअरिंगचे घर्षण आहे, पट्ट्या फिरताना हवा ढवळली जाते, आणि एखादी जाड बूड असलेली बाटली अडकली तर क्षणभर मोठे बल लागते. या क्षणिक गरजेसाठी फ्लायव्हील असते. सरासरी शक्ती आणि क्षणिक बल यांतला हा भेद शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पण आम्ही पाहिलेल्या अहवालांत तो क्वचितच आढळला.

किती बारीक?

दुसरी चूक अधिक मोठी आहे. चुरा जितका बारीक तितके यंत्र चांगले, असा समज सर्वत्र दिसतो. वरच्याच नियमाने पाहिले तर १० ऐवजी १ मिलिमीटरपर्यंत जाण्यास ऊर्जा चौपटीहून अधिक आणि ०.०७५ मिलिमीटरच्या भुकटीसाठी सुमारे सतरापट लागते. एवढा खर्च कशासाठी, हे चुरा घेणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही.

घेणारा काचेचा कारखाना असेल तर त्याला भुकटी नकोच असते. भट्टीत बारीक भुकटीमुळे फेस व बुडबुडे येतात, आणि भुकटीत मिसळलेला चिनीमातीचा कण कोणालाच निवडून काढता येत नाही. त्याला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर आकाराचे, स्वच्छ आणि एकाच रंगाचे तुकडे हवे असतात. असे तुकडे मिळाले तर लाभ खरा आहे. साधी काच वाळू, धुण्याचा सोडा आणि चुनखडी यांपासून होते. सोडा व चुनखडी तापताना कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. काचेत साडेतेरा टक्के सोडियम ऑक्साइड आणि साडेदहा टक्के कॅल्शियम ऑक्साइड धरून विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगावे. टनाला सुमारे १८० किलो वायू निघतो असे उत्तर येईल. जुन्या काचेतून हा वायू एकदा निघून गेलेला असतो. शिवाय ती लवकर वितळते. मिश्रणात दर दहा टक्के जुनी काच घातली की भट्टीची ऊर्जा अडीच ते तीन टक्क्यांनी कमी होते.

घेणारा बांधकामवाला असेल तर उत्तर बदलते. वाळूऐवजी काचेचे जाडसर कण काँक्रीटमध्ये घातले तर सिमेंटमधील अल्कली आणि काचेतील सिलिका यांची अभिक्रिया होऊ शकते. तयार झालेला जेल पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीटला तडे जातात. खडीतील सिलिकेमुळे होणारी ही अभिक्रिया टी. ई. स्टँटन यांनी १९४० साली कॅलिफोर्नियातील रस्ते व पुलांच्या संदर्भात दाखवून दिली. उलट तीच काच पिठासारखी बारीक दळली तर ती सिमेंटला पूरक ठरते. म्हणजे भट्टीला नकोशी भुकटी येथे हवी, आणि मधला, वाळूसारखा आकार येथे जपून वापरायचा. एकच यंत्र दोघांनाही ‘उपयुक्त’ कसे ठरेल?

फोडण्यापूर्वीचे काम

तिसरी उणीव म्हणजे क्रम. काच फुटली की ती हाताने निवडता येत नाही. म्हणून रंग वेगळे करणे, झाकणे काढणे ही कामे यंत्राच्या आधी व्हायला हवीत. ॲल्युमिनियमचे झाकण भट्टीत गेले तर ते काचेतील सिलिकेचा ऑक्सिजन ओढून घेते आणि सिलिकॉनचे बारीक गोळे मागे राहतात; अशी बाटली त्या जागी तडकते. कपबशीचा तुकडा भट्टीत नीट विरघळत नाही. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच साध्या काचेपेक्षा अधिक तापमानाला मऊ होते. खुद्द यंत्रही निर्दोष नसते. साध्या मृदू पोलादापेक्षा काच कठीण असल्याने पट्ट्या झिजतात आणि लोखंडाचे कण चुऱ्यात उतरतात. पांढऱ्या काचेला हिरवट झाक यायला थोडेसे लोखंडही पुरते. यावर मँगनीज पोलाद वापरा असा ठरावीक सल्ला अहवालांत असतो. परंतु ते पोलाद जबर आघाताने कठीण होत जाते. काचेचा फटका तितका जबर नसतो. येथे क्रोमियमयुक्त पांढरे बीड अधिक टिकते. चुऱ्यावर लोहचुंबक फिरवण्याची साधी सोय तर असलीच पाहिजे.

काही वस्तू यंत्राजवळही येऊ नयेत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. इंजेक्शनच्या कुप्यांसाठी २०१६ सालच्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी वेगळी वाट घालून दिली. धुळीबाबतही नेमके बोलावे. सिलिकोसिस हा रोग स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीने होतो. काच स्फटिकरूप नाही. पण कचऱ्यातल्या काचेसोबत माती आणि चिनीमाती येते, आणि निव्वळ काचेची धूळही डोळ्याला व घशाला सुखाची नसते. झाकण उघडले की मोटर बंद पडेल असा खटका, पाण्याचा हलका फवारा आणि हॉपरला रबरी पडदा या तीन गोष्टींना आम्ही आता मोटरीच्या आकड्यापेक्षा जास्त गुण देतो.

मग यंत्र हवे कशाला?

नको असे आम्ही म्हणत नाही. नवी मुंबईचेच पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९९२ साली महानगरपालिका आली. वाशी, नेरूळ, ऐरोलीसारख्या वसाहतींतून निघालेला कचरा तुर्भ्याच्या क्षेपणभूमीकडे जाऊ लागला. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण करायला सांगितले, तरी काचेची अडचण उरते. ती जड असते, स्वस्त असते आणि रिकाम्या बाटलीत बहुतांश हवाच असते. अर्धा किलोची, साडेसात सेंटिमीटर व्यासाची व एकोणतीस सेंटिमीटर उंचीची बाटली रचून ठेवली तर सुमारे १.६ लिटर जागा अडवते. म्हणजे लिटरला जेमतेम ३०० ग्रॅम काच. फोडून तुकडे केले, त्यांत निम्मी पोकळी धरली, तरी लिटरला सव्वा किलो बसते. म्हणजे चार टेम्पोंचा माल एका टेम्पोत. वाहतूक कमी होणे हा या यंत्राचा खरा लाभ आहे, आणि त्यासाठी जाडसर तुकडे पुरतात.

मात्र त्याआधी एक पायरी आहे. अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरता येत असेल तर ती फोडणे हाच अपव्यय. तमिळनाडूतील नीलगिरी जिल्ह्यात २०२२ साली दारूच्या बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणून देणाऱ्याला ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. तेथे डोंगर काचमुक्त ठेवण्याचे काम क्रशरकडे नव्हे, दहा रुपयांकडे सोपवले गेले.

आपल्याकडे हे शहाणपण नवे नाही. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली लोकांनी दिलेल्या एकेका पैशाच्या फंडातून उभा राहिला. थोडेथोडे गोळा करण्याची व्यवस्था आधी आणि भट्टी नंतर, असा तो क्रम होता. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना झाली तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. काच निवडण्याचे ज्ञान ज्यांच्या बोटांत आहे, त्यांना एकही प्रश्न न विचारता यंत्राचा आराखडा पुरा होतो, ही आमच्या मते या सगळ्या प्रकल्पांतली सर्वांत मोठी उणीव आहे.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गात काच फोडू नये. खडीसाखर घ्यावी, तीही ठिसूळच. शंभर ग्रॅम खडीसाखर खलबत्त्यात दहा ठोके देऊन कुटावी, जाड व बारीक अशा दोन चाळण्यांतून चाळावी आणि प्रत्येक भाग तोलावा. मग वीस, चाळीस ठोके देऊन पुन्हा पाहावे. बारीक भाग वाढवण्यासाठी किती जादा ठोके लागतात याचा आलेख मुलांनीच काढावा. आणि कुटण्यापूर्वी त्यांना विचारावे: ही साखर चहाला हवी, प्रसादाला की लाडवाला?

पुढच्या प्रदर्शनात काचेचे यंत्र दिसले तर आम्हीही हेच विचारणार आहोत. चुरा कोण घेणार, त्याला केवढा हवा, आणि तो घेणारा तुम्हाला भेटला का? या तीन प्रश्नांची उत्तरे असतील तर पत्र्याची पेटी ओबडधोबड असली तरी चालेल.