रिकामी जागा: कराओकेतली दोन जुनी जपानी गाणी

आजचा विषय कराओकेत गायली जाणारी जुनी जपानी गाणी. याद्या कुठेही मिळतात, त्यामुळे मी दोनच गाणी घेणार आहे. आणि प्रश्न एकच: एका मोठ्या गायकाचं गाणं ऑफिस सुटल्यावर माइक हातात घेणाऱ्या, बेताच्या गळ्याच्या माणसाचं कसं होतं?

आधी शब्द बघू. 'करा' म्हणजे रिकामा. 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं जपानी लघुरूप. वाद्यं वाजतायत, गायकाची जागा रिकामी आहे. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने नाणं टाकून चालणारी अशी यंत्रं बारना भाड्याने द्यायला सुरुवात केली. माझं म्हणणं असं, की ही जागा फक्त यंत्राने केलेली नाही. चांगल्या गीतकारांनी ती आधीच ठेवली होती.

पहिलं गाणं १९६१ सालचं, 'उए ओ मुइते आरुको'. शब्द रोकुसुके एई यांचे, संगीत हाचिदाई नाकामुरा यांचं, गायक क्यू साकामोतो. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालायचं, एवढीच कल्पना. रडण्याचं कारण गाण्यात कुठेच येत नाही. कारण होतं बरं का. १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झालं, आणि तरीही करार झालाच. एई त्या निदर्शनांत होते. त्या पराभवाचं दुःख या गाण्यामागे आहे. पण गाण्यात ना करार, ना मोर्चा.

ही पळवाट आहे का? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. राग गाळला, नुसता हळवेपणा उरला. पण नावातलं क्रियापद बघा. 'आरुको' या एकाच रूपात 'मी चालेन' हा निश्चयही आहे आणि 'चला, चालू या' हे बोलावणंही आहे. मराठीत आणायला गेलं की आपल्याला दोहोंतलं एक निवडावं लागतं. पुढे 'रडतो' की 'रडते' तेही ठरवावं लागतं. जपानी क्रियापदाला लिंग नाही, आणि कर्ताही बहुतेक वेळा गाळलेला असतो. म्हणून मोर्चातून हरून परतलेला तरुण त्या ओळीत मावतो, तशीच घर सोडून आलेली मुलगीही मावते. पाच जण एका खोलीत बसून एकटेपणाचं गाणं मिळून म्हणतात, आणि त्यात कुणालाच काही विसंगत वाटत नाही.

हेच गाणं १९६३ साली अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिथे नाव दिलं 'सुकियाकी'. हा मांसाचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाळणं इथेही आहे, पण फरक लक्षात घ्या. एईंनी कारण गाळलं आणि दुःख ठेवलं. या नावाने दुःखच गाळलं.

दुसरं गाणं अगदी उलट्या वळणाचं. 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी', १९७७. शब्द यू आकु यांचे, संगीत ताकाशी मिकी यांचं, गायिका सायुरी इशिकावा. इथे सगळं नेमकं आहे: तोक्योच्या उएनोहून सुटलेली रात्रीची गाडी, आओमोरी स्टेशनातला बर्फ, गप्प उतारू, मग होक्काइदोकडे जाणारी बोट. ती कुणाला तरी सोडून निघालीय. काय बिनसलं, ते मात्र गाण्यात नाही. १९८८ साली समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि रेल्वेची ती बोटसेवा बंद पडली. आज विशीतला मुलगा हे गाणं म्हणतो, तेव्हा तो अशा वाटेने जातो जी आता गाण्यातच उरलीय. पुरुषाने बाईच्या तोंडचं गाणं म्हणणं एन्का प्रकारात रूढच आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या ऐकणाऱ्यांना त्याचं नवल वाटू नये.

माझी तक्रार गाणाऱ्यांच्या एका सवयीबद्दल आहे. एन्कात 'कोबुशी' म्हणजे स्वराला दिलेले बारीक हेलकावे, आपल्या मुरकीच्या जवळचे. कराओकेची यंत्रं सूर मोजतात, कोबुशीही मोजतात आणि गुण देतात. मग मंडळी पहिल्या ओळीपासून हेलकावे घ्यायला लागतात. पण गाण्याची बांधणी बघा. सुरुवात खालच्या सुरात, प्रवासाची हकीकत सांगावी तशी. कोंडलेलं सगळं शेवटी, सामुद्रधुनीचं नाव येतं तिथे वर फुटतं. सुरुवातीलाच रडलात तर शेवटाला काय उरणार? साधं सांगा. गुण कमी पडतील, गाणं पोचेल.

कारण न सांगण्याची किंमत असते, हे मान्य करायला हवं. १९६०चा तो पराभव गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या गावीही नसेल. गाणाऱ्यावर मी ते ओझं टाकणार नाही, त्याने आपलं दुःख घेऊन यावं. पण गाण्याबद्दल बोलणाऱ्याने ते कारण सांगत राहायला हवं. ते काम आमचं.