यादीबाहेरची माणसे

प्रकल्पांवर लोकांची देखरेख हवी, असे हल्ली सगळेच म्हणतात. ‘लोक’ म्हणजे कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

या प्रश्नासाठी मी सरदार सरोवराविषयीचा मोर्स समितीचा अहवाल पुन्हा वाचला. जागतिक बँकेने १९८५ साली या धरणासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या गावांनी उठायला नकार दिला. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला १९९१ मध्ये स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ मध्ये समितीने बँकेच्याच चुका बँकेपुढे मांडल्या. १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज सोडले आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी तपासणारे पॅनेल निर्माण केले. नदीकाठच्या आदिवासींचा हा विजय लहान नाही.

१९७९ च्या लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन दिली ती खातेदाराला. मग पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही कागदावर ‘अतिक्रमक’ ठरलेल्यांचे काय? भूमिहीनांचे काय? अहवालाने हे प्रश्न टाळले नाहीत, हे त्याचे मोठेपण. पण तो इंग्रजीत आहे आणि बँकेच्या अध्यक्षांना उद्देशून आहे. ज्यांच्याविषयी तो लिहिला ते त्याचे वाचकच नाहीत!

हे मला नुसत्या वाचनातून उमगलेले नाही. आमच्या भागातील एका प्रकल्पाच्या सुनावणीला मी वडिलांबरोबर गेलो होतो. टेबलावर बाधितांची यादी होती. वडील म्हणाले, “तू शिकलास. यात आपलं नाव कुठं हाय बघ.” घरातला पहिला पदवीधर मी. तीनदा यादी वाचली. नाव नव्हते. ज्याच्या शेतात ते जन्मभर राबले त्याचे होते. गावातर्फे बोललाही तोच.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने, तीन वर्षे आधीपासून तिथे राबून पोट भरणाऱ्या शेतमजुराचे कुटुंबही बाधित मानले आहे. पण कायद्यात जागा मिळाली म्हणून यादीत मिळत नाही. ती भांडून घ्यावी लागते.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना दामोदर खोरे योजनेच्या आखणीत होते. पाणी आणि वीज आम्हालाही हवी आहे. म्हणूनच ती कोणाच्या शेतात आणि कोणाच्या जिवावर येते, हे विचारणे आमचे काम आहे. गावाला मदत करायला निघालेल्या कार्यकर्त्याने प्रथम यादी मागावी आणि ती चावडीवर नव्हे, आमच्या वस्तीत मोठ्याने वाचावी. कोणाचे नाव राहिले, ते वस्तीच सांगेल.