रेम्ब्रांटचें घर आणि १६५६ ची यादी

थोर पुरुषाचें घर राखणें आणि तें पुन्हा सजविणें या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलींत साधनाचें रक्षण होतें. दुसरींत साधनावरून केलेलें अनुमान डोळ्यांपुढें उभें राहतें. आम्स्टरडाम येथील रेम्ब्रांटच्या घराच्या संग्रहालयांत या दोन्ही गोष्टी एकाच वास्तूंत आढळतात. जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांनीं त्याचा विचार करावा तो याचसाठीं.

हें घर चित्रकारानें १६३९ सालीं १३,००० गिल्डरांस घेतलें. परंतु ही रक्कम त्याच्यानें पुरती फिटली नाहीं. १६५६ सालीं त्याचें दिवाळें निघालें आणि जुलै महिन्यांत सरकारी कचेरीकडून त्याच्या चीजवस्तूंची खोलीवार यादी झाली. तींत ३६३ कलमें आहेत. चित्रें, रोमन बादशहांचे पुतळे, शंख-शिंपले, शस्त्रें, छापील चित्रांच्या वह्या, पलंग-खुर्च्या असें सर्व कांहीं तींत नोंदलेलें आहे. १६५८ सालीं घर विकलें गेलें व रेम्ब्रांट दुसरीकडे राहावयास गेला. १६६९ सालीं तो वारला. यादी मात्र आम्स्टरडामच्या दप्तरखान्यांत सुरक्षित राहिली.

१९११ सालीं या घराचें संग्रहालय झालें. दुरुस्तीचें काम द बाझेल या शिल्पकाराकडे होतें. त्यानें जुन्या खोल्यांची नक्कल उठविण्याचा मोह टाळला. आंतील मांडणी आपल्या काळाची ठेवून भिंतींवर रेम्ब्रांटचीं कोरीव छापचित्रें लाविलीं. पुढें शेजारीं नवी इमारत झाली आणि १९९९ सालीं जुन्या खोल्या १६५६ च्या यादीबरहुकूम सजविण्यांत आल्या.

या दुसऱ्या पद्धतीचा लाभ उघड आहे. कागदावरील कोरडीं कलमें खोलींत मांडलीं म्हणजे चित्रकार कोठें काम करी, कोठें निजे व संग्रह कोठें ठेवी हें सामान्य प्रेक्षकासही तात्काळ कळतें. मांडलेलें सामान त्या काळचें असलें तरी बव्हंशीं रेम्ब्रांटचें नव्हे, हें संग्रहालय लपवीतही नाहीं. तरी आमचा आक्षेप उरतोच. यादी 'पलंग' म्हणते. कोणता पलंग, हें ती सांगत नाहीं. ही उणीव मांडणाऱ्यास भरून काढावी लागते, आणि एकदा भरली कीं पाहणाराचे डोळे अस्सल व अनुमित यांतील भेद विसरतात.

शिवाय जप्तीच्या यादी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस ठाऊकच आहे कीं, अशी यादी धनकोंच्या हितासाठीं लिहिली जाते, घरमालकाचें चरित्र म्हणून नव्हे. ज्या तांब्याच्या पत्र्यांवर रेम्ब्रांटनें आपलीं छापचित्रें कोरलीं, त्यांचा या यादींत उल्लेख नाहीं. एवढ्यावरून ते पत्रे नव्हतेच असें कोण म्हणेल? कागदाचें मौन हें पुराव्याचें स्थान घेऊं शकत नाहीं.

आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें कलम निराळेंच आहे. एका वहींत कुतूहलजनक बारीक चित्रें व निरनिराळ्या पोशाखांचीं छापचित्रें असल्याची त्यांत नोंद आहे. हिंदुस्थानचें नांव तेथें नाहीं. परंतु मोगल चित्रांवरून रेम्ब्रांटनें केलेलीं वीसांहून अधिक रेखाचित्रें आशियाई कागदावर आजही उपलब्ध आहेत. त्यांत जहांगीर व शहाजहान यांच्या आकृति आहेत. त्यांवरून कित्येक अभ्यासक या वहींत मोगल चित्रें असावीं असें मानतात. झाडाखालीं बसलेल्या चार वृद्धांच्या रेखाचित्राची बैठक आणि त्याच १६५६ सालच्या, अब्राहाम देवदूतांस भोजन देत असल्याच्या, छापचित्राची बैठक यांतील साम्य तर नजरेंत भरण्यासारखें आहे.

संग्रहालयाचें खरें बळ येथें आहे. रेम्ब्रांटच्या सुमारें २९० छापचित्रांपैकीं बहुतेकांचे ठसे या संस्थेच्या संग्रहीं आहेत. यादींतील एक ओळ, मोगल चित्रावरून काढलेलें एक रेखाचित्र आणि त्याच वर्षाचें एक छापचित्र, एवढीं तीन साधनें शेजारीं मांडलीं तर दिल्ली दरबारची कलम हॉलंडच्या चित्रकारापर्यंत कशी पोहोंचली याचा विचार पाहणारा स्वतः करूं लागेल. उसन्या पलंगानें तें कार्य होणें नाहीं. द बाझेलचा संयम आम्हांस अधिक मान्य वाटतो तो याच कारणानें. सजावट ठेवावयाची तर खुशाल ठेवावी. पण प्रत्येक वस्तूजवळ यादींतील मूळ कलम व 'अस्सल' कीं 'तत्कालीन बदली' हा निर्देश डोळ्यांस प्रथम दिसेल असा असावा. ज्या कागदानें चित्रकाराचें घर गेलें, त्याच कागदानें तें परत मिळवून दिलें. मान पहिला त्या कागदाचा.